गाडीलाही नाक असतं!

"बाई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

शाळा नुकतीच सुटली होती. मी गाडी सुरू केली होती आणि फाटकातून बाहेर पडणार, तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी खिडकीशी आली.

"सांग की गं."

"तुमच्या गाडीच्या मागं उभं राहिलं ना, की डोळे चुरचुरतात. पेट्रोलचा वास येतो. आम्ही सगळ्या नाक धरतो."

मी आरशातून मागं पाहिलं. खरंच, चार-पाच जणी ओढणीनं नाक झाकून उभ्या होत्या! मुलांनो, खरं सांगते, मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मी वर्गात हवेच्या प्रदूषणाचा धडा शिकवला होता. फळ्यावर धूर सोडणाऱ्या गाडीचं चित्रसुद्धा काढलं होतं. आणि आता तीच गाडी माझ्या बुडाखाली!

आमची गाडी २००७ सालची, पेट्रोलवर चालणारी. माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. २०२२ साली तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा तपासणी करून तिची नोंदणी पुन्हा करून घेतली. आजीला दम्याचा त्रास आहे. तिला दर महिन्याला साताऱ्याला डॉक्टरांकडे न्यायचं ते याच गाडीतून. नवी गाडी घेणं आम्हाला परवडणारं नाही. म्हणून ही म्हातारी ठणठणीत राहायलाच हवी. आणि तिच्या धुरानं दुसऱ्या कुणाला त्रास होता कामा नये, हेही खरंच.

वहीनं आधीच सांगितलं होतं

घरी आल्यावर माझ्या मुलीनं एक वही आणून दाखवली. ती चौथीत आहे. भागाकाराचा सराव व्हावा म्हणून मी तिला एक काम दिलं होतं. टाकी भरली, की किती किलोमीटर झाले आणि किती लीटर पेट्रोल बसलं ते लिहायचं, आणि भागाकार करायचा. दिवाळीत तिनं लिहिलं होतं : ४२० किलोमीटर, २४ लीटर. म्हणजे एका लीटरला साडेसतरा किलोमीटर. परवाचा हिशेब होता : ३०० किलोमीटर, २५ लीटर. म्हणजे बाराच!

"आई, मला वाटलं माझंच गणित चुकलं," ती म्हणाली.

गणित बरोबर होतं. गाडीचं काहीतरी बिघडलं होतं. आणि गाडीनंही ते सांगितलं होतं बरं का! वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आठ-दहा दिवस सतत लागत होता. गाडी चालतेय ना, मग लागू दे, असं म्हणून मी तिकडे काणाडोळा केला होता.

दुसऱ्या दिवशी पीयूसी काढायला गेले. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना ती दर सहा महिन्यांनी करावी लागते. त्या माणसानं सायलेन्सरच्या तोंडात एक नळी घातली. मशीनवर आकडा आला : कार्बन मोनॉक्साइड ४.२ टक्के. आमच्या गाडीला परवानगी आहे ०.५ टक्क्याची. आठपटींहून जास्त! गाडी साफ नापास.

दोन सोपे उपाय

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला एक सेन्सर दाखवला आणि म्हणाला, "हा गेलाय. सारखं एकच सांगतोय. नवीन टाका, काही हजार रुपये लागतील. नाहीतर असं करू, पिवळ्या दिव्याचा बल्बच काढून टाकू. म्हणजे डोक्याला ताप नाही."

"आणि पीयूसी?"

"ते मिळतं हो ओळखीनं."

मुलांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? क्षणभर मला मोह झाला. महिनाअखेर होती. पण मग त्या नाक धरून उभ्या राहिलेल्या मुली आठवल्या. दिवा काढला म्हणून धूर थांबणार होता का? कागदावर पास लिहिलं म्हणून त्यांचे डोळे चुरचुरायचे थांबणार होते का? आरशात चेहरा मळका दिसला म्हणून कुणी आरसा फोडतं का?

मी गाडी तशीच आमच्या गावातल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. पासष्टी ओलांडलेला माणूस. त्यांनी आधी काही उघडलं नाही. मुलीची वही पाहिली, पीयूसीचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "बाई, बसा. नवा सेन्सर घ्यायच्या आधी, जुना खोटं बोलतोय की खरं, ते तरी बघू."

शेगडीची ज्योत आणि इंजिन

त्यांनी काय केलं ते कळायला थोडं विज्ञान हवं. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे.

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते तेव्हा भांडं स्वच्छ राहतं. कधी कधी बर्नरमध्ये कचरा अडकतो, गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. मग ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं पडतं. आईला विचारा, ती लगेच सांगेल. हवा कमी पडली की जळण अर्धवट जळतं आणि काजळी होते.

इंजिनातही हेच घडतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर मिश्रण 'दाट' झालं म्हणतात. मग पेट्रोल अर्धवट जळतं. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल वाढतं. उलट हवा जास्त झाली, तर मिश्रण 'पातळ' झालं. मग गाडी ओढत नाही, धक्के मारते.

धूर सायलेन्सरमधून बाहेर पडण्याआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जातो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तिथं विषारी वायूंचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होतं. पण हा डबा मोठा नाजूक प्रकृतीचा! मिश्रण अगदी १४.७ च्या आसपास असेल, तरच तो तिन्ही प्रकारचे विषारी वायू नीट साफ करतो.

मग मिश्रण बरोबर आहे की नाही, हे क्षणोक्षणी पाहणार कोण? इथं येतं गाडीचं नाक. त्याचं नाव ऑक्सिजन सेन्सर.

अंगुस्तानाएवढं नाक

शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान घालतात, ते पाहिलंय ना? या सेन्सरच्या आत साधारण तशाच आकाराची, एका बाजूनं बंद अशी चिनीमातीसारखी छोटी टोपी असते. ती झिर्कोनियम ऑक्साइडची बनवलेली असते आणि तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो. टोपीच्या बाहेरून गाडीचा धूर जातो. आत असते आपली नेहमीची हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो.

ही टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की गंमत सुरू होते. जिथं ऑक्सिजन जास्त, तिथून तो कमी असलेल्या बाजूला जाऊ पाहतो. त्याचे विद्युतभारित कण त्या टोपीतून सरकतात आणि त्यातून वीज तयार होते. ती किती? बॅटरीतल्या साध्या सेलची १.५ व्होल्ट असते ना, त्याहूनही कमी! धुरात ऑक्सिजन उरलाच नसेल, म्हणजे मिश्रण दाट असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन भरपूर उरला असेल, म्हणजे मिश्रण पातळ असेल, तर जेमतेम ०.१ व्होल्ट.

गाडीचा मेंदू, म्हणजे तिचा छोटा संगणक, हे व्होल्ट वाचतो. "दाट झालंय" असं कळलं, की पेट्रोल किंचित कमी करतो. "पातळ झालंय" असं कळलं, की किंचित वाढवतो. म्हणून निरोगी गाडीत हा आकडा झोपाळ्यासारखा सतत वर-खाली होत राहतो. तो हलत राहणं हीच चांगल्या तब्येतीची खूण.

मुलांनो, या झिर्कोनियम ऑक्साइडची गोष्टही मजेशीर आहे. १८९७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नर्न्स्ट यांनी याच पदार्थाची कांडी वापरून विजेचा दिवा केला होता. तो दिवा पुढे मागे पडला. नर्न्स्ट यांना १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि दोन बाजूंच्या फरकातून किती वीज तयार होते, याचा त्यांनी मांडलेला नियमच आज या सेन्सरला लागू पडतो!

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात दाट धुरकं पडून लोकांचे डोळे चुरचुरत असत, आमच्या शाळेतल्या मुलींसारखेच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरकं तयार होतं. मग तिथले कायदे कडक होत गेले. ते पाळायचे म्हणून १९७६ साली बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा बसवला गेला.

आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं. कारण शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघंही निकामी होतात. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता मिस्त्रीकाकांकडे परत येऊ.

त्यांनी इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. मग सेन्सरच्या वायरला मल्टीमीटर जोडला. आकडा ०.८ च्या वर अडकून बसलेला. झोपाळा काही हलेना! गॅरेजवाला म्हणाला होता ते बरोबरच होतं, सेन्सर सारखं एकच सांगत होता.

"आता बघा हं," काका म्हणाले. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात फिरवलं आणि पाय एकदम काढला. अशा वेळी गाडीचा मेंदू क्षणभर पेट्रोल बंदच करतो. म्हणजे सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. आणि काय आश्चर्य! आकडा धाडकन ०.१ च्या खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा ०.८ वर.

"कळलं? नाक शाबूत आहे. हवा आली तर हवा म्हणतंय, पेट्रोल आलं तर पेट्रोल म्हणतंय. ते बिचारं खरंच सांगतंय, की पेट्रोल जास्त येतंय. आता जास्त कोण सोडतंय ते शोधायचं."

मग त्यांनी बॉनेटखाली विजेरी फिरवली. इंजिन किती हवा ओढतंय, हे मेंदूला कळावं म्हणून हवेच्या वाटेवर दाब मोजणारा आणखी एक सेन्सर असतो. आमच्या गाडीत तो बोटाएवढ्या रबरी नळीनं जोडलेला आहे. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं त्या नळीला चीर गेली होती. चिरेतून बाहेरची हवा शिरायची आणि तिथला दाब वाढल्यासारखा वाटायचा. तो सेन्सर मेंदूला सांगायचा, "खूप हवा येतेय हं!" मेंदू त्याप्रमाणे पेट्रोल जास्त सोडायचा. शेवटी धूर हुंगणारं नाक ओरडायचं, "अरे, पेट्रोल फार झालं!" मेंदू ते कमी करून पाहायचा, पण अशा दुरुस्तीलाही मर्यादा असते. ती संपली आणि पिवळा दिवा लागला.

नवी रबरी नळी पन्नास रुपयांच्या आत आली! काळे पडलेले प्लग काकांनी पुसून पुन्हा बसवले. इंजिन सुरू केलं आणि मल्टीमीटरचा आकडा झोपाळ्यासारखा हलू लागला. ०.२, ०.८, ०.१, ०.७...

"चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होते ते," काका हसून म्हणाले. "आणि असंच महिनोन्महिने चालवलं असतं ना, तर कन्व्हर्टरही तापून बाद झाला असता. मग बसला असता खरा दणका."

दोन दिवसांनी पुन्हा पीयूसी केली. कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के. गाडी पास! आणि ओळखीनं नाही, तर स्वतःच्या मार्कांवर.

आई-बाबांसाठी थोडंसं

तुमच्या घरीही जुनी गाडी असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

१. किल्ली फिरवली, की इंजिन सुरू होण्यापूर्वी पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही लागतच नसेल, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. जुनी गाडी विकत घेताना हे आधी पाहा.

२. दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. आधी फाटलेल्या नळ्या, खराब प्लग, तुंबलेला एअर फिल्टर, सैल झालेल्या वायरी तपासून घ्या. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि दाट मिश्रणही सेन्सरला पातळ वाटतं.

३. सेन्सर अमर नसतो. एक वायर असलेला जुन्या पद्धतीचा सेन्सर धुराच्याच उष्णतेनं तापतो. तो साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर टिकतो. तीन-चार वायरींच्या सेन्सरमध्ये तापवणारा हीटर असतो. तो दीड लाखाच्या पुढेही जातो. म्हातारा सेन्सर मरत नाही, आधी मंद होतो. झोपाळा हळू हलतो, आणि पेट्रोल वाया जाऊ लागतं.

४. इंजिन ऑइल जाळत असेल, तर तो थर सेन्सरवर बसतो. दुरुस्तीत साधं सिलिकॉन लावलं, तर त्याची वाफही सेन्सर खराब करते. सेन्सर पॉलिशपेपरनं घासून तर कधीच 'साफ' करू नका. वरचा प्लॅटिनमचा थर निघून जातो.

५. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचं दार लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला कळायच्या आत त्याची शुद्ध हरपते.

आणि तुमच्यासाठी

मुलांनो, गाडीच्या गरम सायलेन्सरला हात लावायचा नाही, बॉनेटखाली एकट्यानं डोकं घालायचं नाही. पण एक काम तुम्ही नक्की करू शकता. एक वही घाला. गाडी असो, नाहीतर बाबांची मोटारसायकल. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल बसलं, भागाकार. शेवटच्या रकान्यात पीयूसीचा आकडा. आकडा अचानक घसरला, तर मोठ्यांना सांगा. "तुझंच गणित चुकलं असेल" असं ते म्हणाले, तर भागाकार पुन्हा करून दाखवा.

त्या दिवशी पीयूसीची पावती घेऊन मी पाचवीच्या वर्गात गेले. फळ्यावर दोन आकडे लिहिले : ४.२ आणि ०.२. आणि त्या मुलीला उभं करून सगळ्यांसमोर तिचे आभार मानले. ती लाजून एकदम लाल झाली.

शाळा सुटल्यावर मी गाडी सुरू केली. त्या सगळ्या जणी मुद्दाम येऊन मागं उभ्या राहिल्या. मी आरशातून पाहिलं.

या वेळी कुणीही नाक धरलं नव्हतं.